घरातील वय : दत्तक बालकाचा आहार आणि शौचाच्या सवयी

(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त ट्रस्टच्या सभागृहात झालेल्या पालक मेळाव्यातील व्याख्यान)



सुवर्णमहोत्सवासारख्या मंगल प्रसंगी वक्त्याने एखादा उदात्त विषय मांडावा अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. माझा विषय मात्र आहे लहान दत्तक मुलांचे खाणे आणि त्यांचे शौच. निमंत्रण देण्यासाठी आलेल्या कार्यवाहांनी थोड्या संकोचाने मला विचारले, "ताई, हाच विषय जरा वेगळ्या शब्दांत मांडता येईल का?" मी नम्रपणे नकार दिला. संकोच करण्यासारखे यात काहीच नाही, हे आपल्या धर्माने आपल्याला फार पूर्वीच सांगून ठेवले आहे.

साधूंच्या आचारातील पाच समित्या आपण लहानपणापासून पाठ करतो : ईर्या, भाषा, एषणा, आदान-निक्षेपण आणि उत्सर्ग. यांतील एषणा समिती आहाराविषयीची सावधानता शिकवते, तर उत्सर्ग समिती, जिला श्वेतांबर परंपरेत परिष्ठापनिका म्हणतात, ती मलमूत्राच्या विसर्जनाविषयीची सावधानता शिकवते. म्हणजे पाचांपैकी दोन समित्या याच दोन गोष्टींसाठी आहेत. शिवाय पाच समित्या आणि तीन गुप्ती मिळून होणाऱ्या आठांना आपण 'अष्ट प्रवचनमाता' म्हणतो. पूर्वसूरींनी या सावधानतेला 'माता' हे नाव दिले आहे. मुलाच्या ताटाकडे आणि त्याच्या ओल्या अंथरुणाकडे आईने कोणत्या दृष्टीने पाहावे, याचे उत्तर मला या एका शब्दात सापडते.

आपल्या समाजात दत्तक म्हटले की वंश, वारसा आणि कायदा यांची चर्चा होते. 1956 चा हिंदू दत्तक व निर्वाह कायदा जैनांनाही लागू आहे, हे बहुतेकांना ठाऊक असते. 2015 च्या बाल न्याय कायद्यान्वये मूल दत्तक घेण्याची रीतही आता पुष्कळांना माहीत झाली आहे. पण कागदपत्रे पूर्ण होऊन मूल घरी आले की पहिल्या आठवड्यात आईला भेडसावणारे प्रश्न कायद्याचे नसतात. मूल घास गिळत नाही, किंवा खाताना थांबतच नाही. चार वर्षांचे असून चड्डीत शी करते. रात्री गादी ओली करते आणि सकाळी ती लपवते. याविषयी कोणी बोलत नाही म्हणून आई मनात कुढत राहते, आणि हळूहळू 'हे मूल आपल्याला लाभणार नाही' असा विचार घरात शिरतो. काही मुले दत्तक घरांतून संस्थेत परत येतात आणि म्हणूनच 2022 च्या दत्तक नियमावलीत अशा प्रसंगाचाही विचार करावा लागला आहे. एकदा सोडून दिलेल्या बालकाला दुसऱ्यांदा सोडले जाणे काय असते, याची कल्पना आपण करू शकतो. म्हणून हा विषय क्षुल्लक नाही.

आता थोडे स्वतःविषयी सांगते. हे सांगण्यास माझ्या मुलीने अनुमती दिली आहे. 2001 साली ती आमच्या घरी आली तेव्हा अडीच वर्षांची होती. पहिल्या दिवशी तिने पाच पोळ्या खाल्ल्या आणि नंतर सगळे उलटून टाकले. मला कौतुक वाटले, मग भीती वाटली. चौथ्या दिवशी तिच्या उशीखाली अर्धी पोळी सापडली. आठव्या दिवशी कपाटात, माझ्या साड्यांच्या घडीत, बुरशी आलेला भात निघाला आणि त्याला मुंग्या लागलेल्या होत्या. आमचे घर कट्टर चौविहार पाळणारे. मुंग्या पाहून मी अस्वस्थ झाले. घरात जीवहिंसा होणार, हे एक कारण. आणि आपल्या घरात पोटभर मिळत असताना मुलगी चोरून खाते, हा अपमान, हे दुसरे. खरे सांगायचे तर दुसरे कारण अधिक मोठे होते. त्या दिवशी मी तिला रागावले आणि स्वयंपाकघराच्या कपाटाला कुलूप लावले.

त्या रात्री ती रडली नाही. ती रात्रभर जागी राहिली, एवढेच. पहाटे पाहिले तर अंथरूण पूर्ण ओले होते आणि ती कोपऱ्यात, कोरड्या फरशीवर, बसून होती.

माझ्या सासूबाईंनी तोपर्यंत चाळीस वर्षे सूर्यास्तानंतर पाण्याचा थेंबही घेतलेला नव्हता. त्यांनी काही न बोलता कुलूप काढले. एका घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात खाकरे, कुरमुरे आणि राजगिऱ्याचे दोन लाडू भरले आणि तो डबा मुलीच्या उशाशी ठेवला. "हा तुझा डबा. यातले कोणी घेणार नाही. संपला की मला सांग, मी भरेन," असे तिला सांगितले. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पच्चक्खाण मी घेतले आहे, या लेकराने नाही. झाकण असले की मुंग्याही येणार नाहीत." त्या रात्री त्यांनी स्वतः उठून तिला दूध गरम करून दिले. नंतरही कितीतरी रात्री दिले. स्वतः मात्र पाण्याचा थेंब घेतला नाही.

पुढे अनेक वर्षे दत्तक पालकांच्या गाठीभेटी घेण्याचे काम माझ्याकडे आले. बालरोगतज्ज्ञांकडून आणि मानसतज्ज्ञांकडून पुष्कळ शिकायला मिळाले. पण सासूबाईंच्या त्या डब्याच्या विरोधात जाणारे काही मला आजवर कोणी सांगितलेले नाही.

मूल असे का वागते, हे आता पाहू. संस्थेतील सेविका कितीही प्रेमळ असल्या तरी एकीच्या वाट्याला अनेक मुले असतात. दूध घड्याळाप्रमाणे मिळते, भुकेप्रमाणे नाही. घरातले तान्हे मूल रडते, कोणीतरी धावत येते आणि पोट भरते. असे शेकडो वेळा घडल्यावर त्याला उमजते की भूक लागली तरी घाबरण्याचे कारण नाही. संस्थेतल्या मुलाला हा धडा मिळालेला नसतो. त्याच्या दृष्टीने समोरचे अन्न हे कदाचित शेवटचे असते. म्हणून ते कोंबून खाते, साठवते, दुसऱ्याच्या ताटाकडे पाहत राहते. याला चोरी म्हणू नये. ज्याने दुष्काळ पाहिला आहे तो धान्य साठवणारच.

काही मुलांचे याच्या उलट असते. ती फक्त बाटलीने दूध पितात किंवा पातळ खिमट गिळतात. पोळीचा तुकडा तोंडात दिला की उबळ येते. अनेक मुलांना भरवायचे असले की पातळ अन्न देणे सोयीचे पडते आणि चावण्याचा सराव ज्या महिन्यांत व्हायचा ते महिने निघून जातात. रुमानियात 1989 साली झालेल्या सत्तापालटानंतर तेथील अनाथालयांतून ब्रिटनमध्ये दत्तक गेलेल्या मुलांचा अभ्यास सर मायकेल रटर यांच्या नेतृत्वाखाली दीर्घकाळ झाला. त्यातही घन अन्न चावण्या-गिळण्याची अडचण असलेली मुले आढळली. तेव्हा याला हट्ट किंवा लाड म्हणू नये. न मिळालेला सराव आपल्याला आता करून घ्यायचा आहे.

यावरून मी पालकांना एक हिशोब सांगत असते. प्रत्येक दत्तक बालकाला दोन वये असतात. एक जन्मतारखेचे आणि दुसरे घरातील वय, म्हणजे ते आपल्या घरी आल्यापासूनचे. तीन वर्षांचे मूल घरी येऊन दोन महिने झाले असतील, तर आईवर आणि अन्नावर विश्वास ठेवण्याच्या बाबतीत ते दोन महिन्यांचेच आहे. दोन महिन्यांच्या बाळाने लंगोट ओला केला म्हणून आपण त्याला लाजवत नाही. दोन महिन्यांच्या बाळाला रात्री भूक लागली तर 'ही वेळ आहे का?' असे आपण विचारत नाही.

आता आहाराविषयी काही व्यवहारातील गोष्टी सांगते.

पहिल्या काही आठवड्यांत संस्थेत मिळत होते तसेच अन्न, शक्य तर त्याच वेळांना आणि तशाच भांड्यात द्यावे. घर नवे, माणसे नवी, वास नवे. निदान चव तरी ओळखीची असावी. नंतर एका वेळी एकच नवा पदार्थ आणावा. दिवसातून पाच-सहा वेळा, ठरलेल्या वेळी थोडे थोडे द्यावे. पुढचे खाणे केव्हा मिळणार, हे मुलाला आधीच सांगावे. काय द्यायचे, केव्हा द्यायचे आणि कोठे बसवून द्यायचे, हे आईने ठरवावे. किती खायचे, हे मुलावर सोडावे. एलिन सॅटर या अमेरिकन आहारतज्ज्ञ बाईंनी मांडलेली ही विभागणी जगभर मान्यता पावली आहे. 'एवढा घास संपव, नाहीतर उठायचे नाही' ही आपली जुनी रीत या मुलांच्या बाबतीत सोडलेली बरी. जबरदस्तीने भरवलेला घास पोटात गेला तरी विश्वास कमी करतो.

अति खाणाऱ्या मुलाचे ताट ओढून घेऊ नये. ताटात थोडे वाढावे आणि 'अजून आहे, मागितले की मिळेल' असे दाखवावे. साठवणाऱ्या मुलाला झाकणाचा स्वतःचा डबा द्यावा. बहुतेक मुलांची ही धास्ती काही आठवड्यांत किंवा महिन्यांत ओसरते. डबा भरलेलाच राहू लागला की समजावे, मूल घरात रुजू लागले.

न चावणाऱ्या मुलाला पेजेवरून गुरगुट्या भातावर, तेथून मऊ खिचडीवर, मग दुधात कुस्करलेल्या पोळीवर असे पायरीपायरीने न्यावे. अन्नाला हात लावू द्यावा, सांडू द्यावे. शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षे मात्र चार-पाच वर्षांपर्यंत देऊ नयेत, श्वासनलिकेत अडकण्याचा धोका असतो. वर्षाच्या पुढच्या मुलाला दिवसाकाठी साधारण अर्ध्या लिटरपेक्षा अधिक दूध देऊ नये. दुधानेच पोट भरले की जेवण कमी होते, रक्त कमी होते आणि बद्धकोष्ठही जडते.

आपल्या घरांतील विशेष प्रश्न रात्रिभोजनाचा आणि कंदमुळांचा. संस्थेत बटाटा, कांदा, कधी अंडेही खाल्लेले मूल आपल्याकडे येते. ते मागते तेव्हा घरातल्यांच्या चेहऱ्यावर जी किळस उमटते, ती मुलाला अन्नाविषयी वाटत नाही, स्वतःविषयी वाटते. 'आपल्या घरी हे करत नाहीत, चल, तुला दुसरे काही करून देते,' एवढे शांतपणे सांगितले की पुरते. पूर्वीच्या खाण्याला नावे ठेवण्याची गरज नाही. व्रताचे मोल ते समजून-उमजून, स्वेच्छेने घेण्यात असते. म्हणून तर दीक्षेसाठीही किमान आठ वर्षांच्या वयाची मर्यादा परंपरेने घातली. अडीच वर्षांच्या, भुकेची भीती घेऊन आलेल्या बालकावर चौविहार लादला तर त्यात व्रत उरत नाही, उरते ती केवळ भूक. ज्यांच्या मनाला हे पटत नसेल त्यांनी आपल्या महाराजसाहेबांना जरूर विचारावे. मुलाची पूर्ण हकीकत मात्र सांगावी.

पर्युषणात आणखी एक गोष्ट घडते. आई उपवास करते, ताटावर बसत नाही. भूक पाहिलेल्या मुलाला वाटते, घरातले अन्न संपले. माझी मुलगी पहिल्या पर्युषणात स्वतःच्या डब्यातला खाकरा माझ्या तोंडाशी आणून धरत असे. म्हणून उपवासाच्या आधी मुलाला भरलेले डबे दाखवावेत आणि 'आई आपल्या मर्जीने खात नाही, तुझे जेवण रोजच्या वेळी होईल' असे सांगावे.

आता शौचाविषयी. संस्थेत पुष्कळदा सर्व मुलांना ठरलेल्या वेळी एका रांगेत भांड्यांवर बसवतात. त्यामुळे दोन वर्षांचे मूल 'शिकलेले' दिसते. वस्तुतः ते घड्याळाला आणि रांगेला शिकलेले असते. स्वतःच्या शरीराची सूचना ओळखायला नव्हे. घरी रांग नसते, आणि ते सगळे विसरल्यासारखे होते. पालकांना वाटते, मूल मागे गेले. प्रत्यक्षात त्याने आता कोठे आरंभ केलेला असतो. गरज पडल्यास काही दिवस पुन्हा लंगोट बांधावा. त्यात कमीपणा नाही.

काही मुलांना शौचालयाचीच भीती वाटते. फ्लशचा आवाज, बंद दार, अंधार, कमोडवर अधांतरी लोंबणारे पाय, यांतले काहीही कारण असू शकते. दार उघडे ठेवावे, दिवा लावावा, मूल बाहेर आल्यावर फ्लश करावा, पायाखाली पाट द्यावा. शी-शू साठी संस्थेत कोणते शब्द वापरत, हे विचारून घ्यावे. मुलगी 'बाथरूम' म्हणते आणि आई 'शू' या शब्दाची वाट पाहते, असे मी पाहिले आहे.

सर्वांत अधिक गैरसमज होतो तो बद्धकोष्ठाचा. एकदा कडक शी होऊन दुखले की मूल शी रोखून धरते. पाय आवळून कोपऱ्यात उभे राहते, आणि आपल्याला वाटते ते जोर करत आहे. रोखलेला मळ साठून गुदाशय ताणले जाते, जाणीव बोथट होते आणि साठलेल्या घट्ट मळाच्या बाजूने पातळ मळ झिरपून चड्डी खराब होते. आई समजते जुलाब झाले, किंवा मूल मुद्दाम करते आहे. त्या वेळी मुलाला ते कळलेलेही नसते. यावर जुलाब थांबवणारे औषध देणे अगदी उलट ठरते. डॉक्टरांच्या सल्ल्याने मळ मऊ करणारे औषध घ्यावे लागते आणि ते पुष्कळदा काही महिने चालू ठेवावे लागते. दोन दिवस बरे वाटले म्हणून बंद करू नये. जोडीला फळे, भाज्या, पाणी, आणि जेवणानंतर पाच-दहा मिनिटे शांतपणे भांड्यावर बसणे. जेवणानंतर आतड्यांची हालचाल आपोआप वाढते, त्याचा लाभ घ्यावा. कौतुक करायचे ते बसल्याचे करावे, शी झाल्याचे नव्हे. होणे मुलाच्या हातात नसते.

रात्री अंथरूण ओले होणे हे पाच वर्षांपर्यंत आजारातच गणत नाहीत. पाच वर्षांच्या सर्वसाधारण मुलांतही शंभरांतील सुमारे 15 मुलांची गादी रात्री ओली होते. आपल्या काही घरांत मात्र एक समज आहे, की संध्याकाळनंतर पाणी बंद केले की हा त्रास थांबेल, आणि चौविहारही घडेल. होते असे की सूर्यास्तापूर्वी मूल घाईने दोन-तीन पेले पाणी पिते आणि रात्री गादी ओलीच होते. दिवसभर पाणी कमी पोटात गेल्याने बद्धकोष्ठ वाढते, आणि भरलेले आतडे मूत्राशयावर दाब देते. म्हणून सकाळपासून थोडे थोडे पाणी द्यावे, झोपण्यापूर्वीच्या तास-दोन तासांत कमी करावे. तहान लागली तर नाही म्हणू नये. आपल्याकडे पाणी उकळून पिण्याची रीत आहे, ती मात्र या मुलांसाठी फार हिताची आहे. गादीवर मेणकापड घालावे, बदलायचे कपडे हाताशी ठेवावेत, आणि रात्री उठून चादर बदलताना शक्य तितके कमी बोलावे. त्या वेळी निघालेला एक कडवट शब्द मुलाच्या मनात वर्षानुवर्षे राहतो. येथे उत्सर्ग समितीला भाषा समितीची जोड हवी.

घरी आल्यावर लवकरच बालरोगतज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी. रक्ताचे प्रमाण, जंत, लघवीतील जंतुसंसर्ग, वजन-उंचीचा आलेख, टाळू आणि जीभ हे सर्व पाहिले जावे. मूल फार कुपोषित असेल तर एकदम भरपूर न भरवता डॉक्टरांच्या देखरेखीखालीच आहार वाढवावा. वजन घटत असेल, खाताना ठसका लागून दम कोंडत असेल, शीतून रक्त जात असेल, किंवा सुकलेले मूल अचानक पुन्हा दिवसा ओले करू लागले असेल तर थांबू नये. कपडे बदलताना किंवा शौचालयात नेताना मूल विलक्षण घाबरत असेल, तर पूर्वी काही वाईट घडले असण्याची शक्यता मनात धरून तज्ज्ञांची मदत घ्यावी. 1098 हा बालकांसाठीचा मदत क्रमांक आहे. दत्तक विधानानंतर दोन वर्षे, दर सहा महिन्यांनी संस्थेकडून पाठपुरावा होतो. त्या भेटीत 'सगळे छान आहे' असे सांगून चहा पाजून पाठवू नये. अडचण सांगण्यासाठीच ती भेट असते.

ट्रस्टला एक विनंती करून मी थांबते. आपल्या धर्मशाळेत, यात्रेत, शिबिरात दत्तक मुलेही येतात, आणि ती ओळखू येत नाहीत, येऊही नयेत. सूर्यास्तानंतर लहान मुलासाठी कोणी दूध किंवा खिचडी मागितली तर कारण न विचारता मिळावी. सकाळी ओली गादी निघाली तर व्यवस्थापकाने सर्वांसमोर नाव घेऊन विचारू नये. दोन मेणकापडे आणि चार जादा चादरी, एवढाच हा खर्च आहे. ज्या पालकांना बोलायचे आहे त्यांच्यासाठी महिन्यातून एक संध्याकाळ या सभागृहाची एक खोली उघडी ठेवता आली, तर सुवर्णमहोत्सवाचे ते एक चांगले कार्य होईल.

माझी मुलगी आता नोकरी करते. ती चातुर्मासात चौविहार करते, एरवी करत नाही. तो तिचा निर्णय आहे. सासूबाई आज नाहीत. तो स्टीलचा डबा मात्र तिने आपल्या घरी नेला आहे. मागच्या वेळी मी गेले तेव्हा सहज उघडून पाहिला. खाकरे भरलेले होते.

बोलण्यात काही अधिक-उणे झाले असेल तर मिच्छामि दुक्कडम्. जय जिनेंद्र.